मनाच्या दुखण्याला फोनवरचा डॉक्टर

उर्से गावाजवळून पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग जातो. टोलनाक्यावर रात्रंदिवस गाड्यांची रीघ असते. पण याच मावळातल्या एखाद्या माउलीला महिनाभर झोप नसेल, भातलावणी तोंडावर आली तरी अंथरुणातून उठवत नसेल, तर तिने जावे कुठे? येरवड्याच्या मनोरुग्णालयाचे नाव काढले की घरचे कानांवर हात ठेवतात. मग अंगारा-धुपारा होतो आणि दुखणे मुरते.

बायाबापड्यांनो, अशांसाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा सुरू झाली आहे. १४४१६ हा क्रमांक लावायचा आणि मराठी निवडायची. पैसे पडत नाहीत, मध्यरात्रीही फोन करता येतो. आधी समुपदेशक बोलतो. गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. गावच्या आरोग्य उपकेंद्रातूनही ‘ई-संजीवनी’वरून लांबच्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलता येते. आपल्या आशाताईंना विचारा.

बोलताना आडपडदा नको. झोप कधीपासून उडाली, जेवण जाते का, दारू किती, आधीची औषधे कोणती, हे सारे सांगा. जीव द्यावासा वाटतो का, असे विचारले तर रागावू नका, खरे उत्तर द्या. बाळंतपणानंतर सतत रडू येत असेल तर तेही सांगा. ती नखरेबाजी नव्हे. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. मध्येच सोडू नका.

अर्थात फोनला नाडी धरता येत नाही. सगळीच औषधे फोनवर लिहून देता येत नाहीत. २०२० च्या नियमांनी तशी मर्यादा घातली आहे. कानांत आवाज येत असतील, माणूस अनावर झाला असेल, तर त्याला दवाखान्यातच न्यावे. कुणी विषारी औषध घेतले तर आधी १०८ ला फोन करा. फवारणीचे डबे मात्र आजच कुलपात ठेवा, आणि किल्ली घरातल्या शहाण्या माणसाकडे द्या.

आता खरी अडचण. घरात फोन एकच, तोही धन्याच्या खिशात. सुनेने सासूसमोर काय बोलावे? ही सोय सरकार करून देणार नाही. अर्धा तास फोन तिच्या हाती द्या, आणि तिला खळ्यावर एकटी बसू द्या.