मॉरिशसला निघताय? आधी किनारा ठरवा

मे महिन्याच्या सुट्टीत मॉरिशसचा बेत आखणारे हॉटेलचे फोटो पाहतात, दर पाहतात. ते हॉटेल बेटाच्या कोणत्या बाजूला आहे, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपल्याकडे उन्हाचा कडाका असतो, तेव्हा तिथे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. मे ते ऑक्टोबर या काळात आग्नेयेकडून येणारा वारा थेट पूर्व किनाऱ्यावर आदळतो. तिथला बेल मारचा वाळूचा पट्टा सुंदर खरा, पण जुलैमध्ये पाण्याबाहेर आलेली मुले कुडकुडतात. या दिवसांत पश्चिमेचे फ्लिक-आं-फ्लाक किंवा उत्तरेचे ग्रां बे बरे. दिवाळीनंतर उकाडा वाढतो, तेव्हा पूर्वेचा तोच वारा सुखाचा वाटतो. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे दिवस. मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी ते टाळावेत.

बेटाला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाचे कडे आहे. त्याच्या आतले पाणी शांत असते. मात्र जिथे कडे तुटलेले असते, तिथे पाणी जोराने बाहेर ओढले जाते. म्हणून कुठे पोहावे हे स्थानिकांना विचारूनच मुलांना पाण्यात सोडा. दक्षिणेच्या ग्री-ग्रीला कडेच नाही. तिथे लाटा पाहाव्यात, पाण्यात उतरू नये. प्रवाळ पायाला कापतो, तेव्हा रबरी बूट हवेतच.

भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचा कागद मात्र जवळ ठेवावा. नेहमीच्या औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या. हापूसची पेटी मात्र घरीच ठेवा! परवान्याशिवाय फळे नेता येत नाहीत. तिथली विजेची सॉकेट बहुधा तीन चौकोनी पिनांची असतात. आपला गोल पिनांचा प्लग त्यांत बसत नाही. घड्याळ दीड तास मागे करा.

शाकाहारी मंडळींची फार आबाळ होत नाही. रस्त्यावर मिळणारी ‘ढोल पुरी’ म्हणजे हरभऱ्याची डाळ भरलेली पातळ पोळी; आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीणच म्हणा ना! इतरत्र ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण मासे त्यात धरतीलच असे नाही. मासे, अंडी यांची नावे घेऊन सांगा. इंग्रजी चालते, घराघरांत बोलली जाते ती क्रिओल.

एक दिवस समुद्राला सुट्टी देऊन राजधानी पोर्ट लुईतला आप्रवासी घाट पाहा. 1834 पासून ऊसमळ्यांसाठी करारावर आणलेले सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर मॉरिशसला आले. 2006 मध्ये या घाटाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्या मजुरांत मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांपैकी अनेकांना आता मराठी सफाईने बोलता येत नाही, म्हणून हिरमुसू नका. शाळेत ती आजही शिकवली जाते आणि पश्चिमेच्या कास्काव्हेल गावात गणपती थाटाने बसतात. गणेशोत्सवात तिथे असाल, तर विसर्जनाची मिरवणूक चुकवू नका. गणेशचतुर्थीनिमित्त देशभर सार्वजनिक सुट्टी असते, बँकाही बंद असतात. तेव्हा पैसे आदल्या दिवशीच बदलून घ्यावेत.