उसन्या जागेतलं नाटक

अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याच्या आराम नगरातल्या बैठ्या बंगल्या मुळात बंगल्या नव्हेतच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी सैनिकांसाठी उभारलेल्या त्या बराकी. फाळणीनंतर निर्वासितांच्या वाट्याला आल्या. आता दारोदार कास्टिंगवाल्यांच्या पाट्या, बाहेर फोटो घेऊन ताटकळणारी पोरं आणि मधूनच एखादी काळ्या भिंतींची खोली. तिथे नाटक होतं.

पडदा नाही, विंगा नाहीत. काही प्रेक्षक खुर्च्यांवर, काही जमिनीवर. पुढच्यांनी पाय आखडून घेतले तरच नटाला वाट मिळते. आवाज फेकावा लागत नाही, पण लबाडी लपवायलाही जागा उरत नाही. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात मागच्या रांगेला खरा वाटलेला हुंदका इथे हातभरावरून तपासला जातो.

मराठी नाटकाला असली बिऱ्हाडं नवी नाहीत. 'रंगायन' ही नाट्यसंस्था फुटल्यावर १९७१मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे प्रभृतींनी 'आविष्कार' काढली. १९७४पासून तिनं दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. आणि दार इतर संस्थांनाही उघडं. सोयींच्या नावानं आनंदच होता. गल्लीतला गोंगाट बिनतिकिटाचा आत यायचा. तरी स्टेशन हाकेच्या अंतरावर होतं आणि भाडं झेपण्याजोगं. छबिलदासच्या आठवणी सांगताना ध्येयवादाचं कौतुक फार होतं. माझ्या मते निम्मं श्रेय या दोन गोष्टींचं. गल्ला भरलाच पाहिजे ही टांगती तलवार नसली की माणूस वेडं काही करून बघतो. अमोल पालेकरांनी बंगाली नाटककार बादल सरकारांचं 'जुलूस' मराठीत केलं, ते चौकटीचा रंगमंच सोडूनच. सरकारांनी कोलकात्यात हेच केलं होतं: कधी साध्या खोलीत, कधी उघड्या मैदानात, लोकांच्या मधोमध नाटक.

पुढे छबिलदास सुटलं आणि 'आविष्कार'नं माहीमच्या महापालिका शाळेत पथारी टाकली. पुन्हा शाळाच!

आराम नगरात मात्र कानावर पडतं ते बहुतेक हिंदी-इंग्रजी. बोरिवली-मुलुंडचा मराठी प्रेक्षक मोठ्या नाट्यगृहात नावाजलेल्या नटांना बघायला जातो. त्यात वावगं काही नाही. पण नवख्या लेखकाचं पहिलं, अर्धकच्चं नाटक तिथल्या भाड्यात बसत नाही. आराम नगरच्या पुनर्विकासाची चर्चा तर जुनीच आहे, म्हणजे त्या जागेचाही भरवसा नाही. उपनगरांतल्या अनेक महापालिका शाळांचे वर्ग मात्र संध्याकाळी कुलूपबंदच असतात. किल्ली कुणाकडे मागायची आणि वीजबिल कुणी भरायचं, एवढं जरी ठरलं तरी शनिवार-रविवारचे प्रयोग तिथे लावता येतील.