खो-खोचे क्रीडांगण, नियमबदल आणि समतोलाचा प्रश्न

बीजशब्द : खो-खो, क्रीडांगण, नियमबदल, समतोल, आक्रमण, संरक्षण, वजीर.

प्रस्तावना :

पुण्यातील स्वारगेट परिसराची ओळख सामान्यतः एसटी स्थानक, वाहनांची वर्दळ आणि अलीकडे भुयारी मेट्रो अशी सांगितली जाते. तथापि क्रीडेच्या अभ्यासकाला हा परिसर वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम, सारसबागेलगतचे सणस मैदान आणि गुलटेकडीवरील महाराष्ट्रीय मंडळाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय ही तीनही स्थळे परस्परांपासून फार दूर नाहीत. खेळ खेळणे, खेळ पाहणे आणि खेळ शिकविणे या तिन्ही गोष्टी येथे शेजारी नांदतात. खेळाचा नियम बदलला की त्याचा परिणाम या तिन्हींवर होतो. मात्र तो तिघांवर सारखाच होत नाही.

प्रस्तुत लेखात खो-खो या खेळाच्या क्रीडांगणात व नियमांत झालेल्या बदलांचा विचार ‘समतोल’ या संकल्पनेच्या आधारे केला आहे. ही संकल्पना आज सर्वाधिक वापरात आहे ती संगणकीय खेळांच्या क्षेत्रात. अनेकांनी एकत्र खेळावयाच्या संगणकीय खेळांमध्ये नकाशा व नियम यांत सतत दुरुस्त्या केल्या जातात आणि त्यामागे दोन पक्षांतील बळाचे प्रमाण राखण्याचा हेतू असतो. मातीच्या मैदानावरील खेळांत हेच काम नियमसमित्या शतकभर करीत आल्या आहेत. त्याला समतोल हे नाव मात्र क्वचितच दिले गेले.

न्याय आणि समतोल :

फुटबॉल किंवा हॉकी या खेळांत दोन्ही संघांचे काम एकच असते. साधने समान, उद्दिष्ट समान, मैदानाचे दोन्ही अर्ध सारखे. तेथे समतोल आपोआप साधतो. खो-खोची गोष्ट निराळी आहे. एका वेळी एक संघ पाठलाग करतो व दुसरा पळतो. दोघांना लागू असणारे नियमही भिन्न आहेत. संरक्षकाला मैदानात कोठेही, कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असते. धावत्या आक्रमकाला मध्यपाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली की उलट फिरता येत नाही. त्याला दिशा बदलायची असेल तर खांब गाठावा लागतो, किंवा पाठीमागून खो देऊन आपले काम दुसऱ्याच्या स्वाधीन करावे लागते. या बंधनाची भरपाई संख्येने केली आहे. पारंपरिक खेळात आक्रमक नऊ, त्यांपैकी आठ चौकोनांत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले. संरक्षक मात्र तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. एका बाजूला स्वातंत्र्य, दुसऱ्या बाजूला संख्या, अशी ही वाटणी आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. दोन्ही संघ आळीपाळीने आक्रमण व संरक्षण करतात, मग असमतोल राहिलाच कोठे? या आक्षेपात न्याय आणि समतोल या दोन गोष्टींची गल्लत आहे. पाळी बदलल्याने न्याय होतो, कारण कोणत्याही संघावर जास्तीचा भार पडत नाही. परंतु पळणे अतिशय सोपे झाले, तर दोन्ही संघांना गुण मिळणार नाहीत. आणि पाठलाग अतिशय सोपा झाला, तर हुलकावणीची सारी कला निरर्थक ठरेल. दोन्ही स्थितींत सामना न्याय्यच राहील, पण पाहण्यासारखा आणि शिकण्यासारखा राहणार नाही. नियमसमित्यांच्या डोक्याला ताप होतो तो या दुसऱ्या प्रश्नाचा.

पाळी न बदलणाऱ्या खेळांत ही अडचण किती वाढते, याचे उदाहरण ‘स्पेस स्टेशन १३’ या २००३ च्या सुमारास आलेल्या संगणकीय खेळात दिसते. त्यात अंतराळस्थानकावरील कर्मचाऱ्यांच्या भूमिका अनेक खेळाडू घेतात. त्यांतील काही गुप्तपणे घातपाती असतात. घातपाती थोडे, कर्मचारी पुष्कळ. थोड्यांचे बळ असते ते गुप्ततेत, आणि ही गुप्तता नकाशावर अवलंबून असते. मुख्य मार्गिकांच्या मागून जाणारे देखभालीचे अंधारे बोळ जितके अधिक, तितके घातपात्याचे फावते. बोळ बुजवले, दारे वाढवली, की सुरक्षारक्षकांचे पारडे जड होते. म्हणून या खेळात एखादी भिंत हलविणे हा सजावटीचा विषय नसतो. त्याची आज्ञावली खुली असल्याने खेळाडूच दुरुस्त्या सुचवतात, त्या काही काळ चालवून पाहतात आणि न रुचल्यास मागे घेतात. या शेवटच्या मुद्द्याकडे पुढे परत येणे आवश्यक आहे.

क्रीडांगणाची मापे काय सांगतात :

खो-खोला नियमबद्ध रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न पुण्यातच झाला. १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्याने नियम ठरविण्यासाठी समिती नेमली. १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने नियमावली प्रसिद्ध केली. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० पासून सुरू झाल्या आणि त्यानंतर एकाच मापाचे मैदान देशभर असणे अपरिहार्य झाले.

दीर्घकाळ प्रचलित असलेले मैदान २९ मीटर लांब व १६ मीटर रुंद होते. दोन खांबांमधील मध्यपाटी २३.५० मीटर आणि प्रत्येक खांबापलीकडील मुक्तक्षेत्र २.७५ मीटर. नंतरच्या नियमावलीत लांबी २७ मीटर झाली. वरवर पाहता मैदान दोन मीटरने आखडले एवढेच दिसते. प्रत्यक्षात मध्यपाटी २४ मीटर, म्हणजे अर्ध्या मीटरने अधिक झाली आणि कात्री लागली ती केवळ मुक्तक्षेत्राला. ते २.७५ वरून १.५० मीटरवर आले. बसलेल्या आक्रमकांमधील अंतर, म्हणजेच दोन आडव्या पाट्यांमधील सुमारे २.३० मीटरची जागा, जवळपास तशीच राहिली.

मुक्तक्षेत्र हा मैदानाचा असा भाग आहे की, तेथे आक्रमकावरील दिशेचे बंधन सुटते. तेव्हा ते आखडले म्हणजे आक्रमकाचे नुकसान झाले, असे प्रथमदर्शनी वाटेल. खेळ जवळून पाहिल्यास उलट दिसते. खांबाजवळ आलेल्या संरक्षकाला वळसा घालण्यासाठी जागा लागते. मागची सीमारेषा सव्वा मीटरने जवळ आली की त्याचा वळसा आवळला जातो, आणि दोन्ही पाय रेषेबाहेर गेले तर तो बाद. उलट आक्रमकाला खांबावर सूर मारण्यासाठी फार मोठ्या मोकळ्या जागेची गरज नसते. एक हात खांबाला आणि शरीर आडवे झोकून दिले की काम होते. खांबाजवळचा खेळ या बदलाने आक्रमकाकडे झुकला, असा निष्कर्ष मापांवरून काढता येतो. मध्यभागातील साखळीचा खेळ, ज्यात संरक्षक बसलेल्या आक्रमकांच्या मधून नागमोडी जातो, तो मात्र फारसा बदलला नाही.

२०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात ‘अल्टिमेट खो-खो’ या व्यावसायिक स्पर्धेचा पहिला हंगाम झाला. तेथे आक्रमक नवाऐवजी सात आणि मैदान २२ बाय १६ मीटर होते. थोडे गणित येथे उद्‌बोधक ठरते. २७ बाय १६ मीटरच्या मैदानाचे क्षेत्रफळ ४३२ चौरस मीटर. नऊ आक्रमकांमागे प्रत्येकी ४८ चौरस मीटर. नव्या मैदानाचे क्षेत्रफळ ३५२ चौरस मीटर. सात आक्रमकांमागे प्रत्येकी सुमारे ५० चौरस मीटर. म्हणजे आक्रमकाच्या वाट्याचे क्षेत्र जवळजवळ कायम राहिले. संरक्षक मात्र पूर्वीही तीन आणि आताही तीनच. त्यांच्या वाट्याचे क्षेत्र प्रत्येकी १४४ वरून सुमारे ११७ चौरस मीटरवर आले. दोन आक्रमक कमी केल्याने संरक्षकाला सवलत मिळाली, असे जे सहज बोलले जाते ते म्हणूनच अर्धसत्य आहे. क्षेत्रफळ हे अर्थात ढोबळ माप आहे. खेळाडू मैदानभर सारखे पसरलेले नसतात. तरीही बदलाची दिशा त्यावरून कळते.

वजीर आणि काळाचे गुण :

याच स्पर्धेत ‘वजीर’ आला. बुद्धिबळ खेळणाऱ्या मराठी वाचकाला या नावाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही : वजीर कोणत्याही दिशेने धावू शकतो. पॉवरप्लेमध्ये तर दोन वजीर उपलब्ध होतात. वर जी मूळ वाटणी सांगितली, स्वातंत्र्य संरक्षकाला आणि संख्या आक्रमकाला, तिलाच येथे छेद गेला. मैदान आखडणे हा प्रमाणाचा बदल होता. वजीर हा प्रकारचा बदल आहे. नियमकर्त्यांनाही हे जाणवले असावे, कारण त्यांनी लगोलग संरक्षकाच्या पारड्यात नवे वजन टाकले. एखादी तुकडी ठरावीक वेळेपलीकडे टिकली, तर संरक्षक संघाला गुण देण्याची तरतूद झाली. पहिल्या हंगामात ही मर्यादा अडीच मिनिटांची होती.

या दोन बदलांपैकी दुसरा अधिक मोलाचा मानावा लागेल. पारंपरिक खेळात चार मिनिटे नाबाद राहणाऱ्या संरक्षकाच्या नावापुढे गुणफलकावर काहीच येत नसे. त्याने दिले ते प्रतिस्पर्ध्याला नाकारलेले गुण, आणि नाकारलेली गोष्ट फलकावर दिसत नाही. वृत्तपत्रांतील खो-खोच्या वार्तांकनात प्रत्येक खेळाडूची संरक्षणाची मिनिटे आवर्जून दिली जातात, ती याच उणिवेमुळे. बरोबरीच्या सामन्यात अलाहिदा डाव आणि नंतर लघुत्तम आक्रमण, म्हणजे पहिला गडी कोणी कमी वेळात बाद केला हे पाहणे, या उपायांतही काळाला किंमत होती. पण ती सामन्याच्या शेवटी, नाइलाज म्हणून. काळाचे रूपांतर गुणांत झाल्याने संरक्षण ही प्रथमच गुण मिळविण्याची कृती बनली.

वजिराबाबत असे निःशंकपणे म्हणता येत नाही. स्पर्धेत साध्या बाद करण्याला दोन आणि खांबावरील सूर वा आकाशीय सूर यांना तीन गुण ठेवले होते. सूर मारण्यास मॅटचा पृष्ठभाग अनुकूल असतो. मातीवर तोच सूर कोपर-गुडघे सोलवटून टाकतो. म्हणजे मॅट, गुणपद्धती आणि वजीर हे तिन्ही बदल एकाच दिशेने ओढतात. पहिल्या हंगामाचा अंतिम सामना ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५ असा एका गुणाने जिंकला, यावरून समतोल साधला गेला असा युक्तिवाद होतो. तो टिकणारा नाही. निसटता निकाल दोन संघांची बरोबरी दाखवतो. आक्रमण आणि संरक्षण यांची बरोबरी दाखवत नाही.

कबड्डीशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. कबड्डीत मैदानावरील संख्याच घटत-वाढत असते आणि नियम दुबळ्या बाजूला हात देतात : बचावात सहा किंवा अधिक खेळाडू असतील तरच चढाई करणाऱ्याला बोनस रेषेचा लाभ, आणि बचावात तीन किंवा कमी उरले असता पकड केली तर जादा गुण. तराजू एका बाजूला कलला की नियम त्याला परत ढकलतो. खो-खोत अशी आपोआप सावरणारी व्यवस्था पारंपरिक नियमांत जवळपास नाही. म्हणून तेथे मैदानाच्या मापातील चुकीची भरपाई खेळ चालू असताना होत नाही.

प्रयोग आणि माघार :

नियम बदलताना तो मागे घेण्याची वाटही ठेवावी लागते. स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर ३ नोव्हेंबर २००५ रोजी भारत व श्रीलंका यांच्यात एकदिवसीय क्रिकेट सामना झाला. तो दोन प्रायोगिक नियमांखाली खेळला गेला : पॉवरप्ले आणि बदली खेळाडूचा ‘सुपरसब’. दोन्ही त्याच वर्षी, ठरावीक मुदतीसाठी म्हणून आले होते. सुपरसबचे नाव नाणेफेकीपूर्वी द्यावे लागे. त्यामुळे नाणेफेक जिंकणाऱ्याला दुहेरी लाभ होऊ लागला आणि २००६ च्या प्रारंभीच तो नियम संपुष्टात आला. पॉवरप्ले टिकला, पुढे अनेकदा बदलला, आणि त्याचे नाव खो-खोपर्यंत पोहोचले. नियम चुकला याची लाज कोणी बाळगली नाही, कारण तो प्रयोग आहे हे आधीच जाहीर होते.

खो-खोत अशी जाहीर मुदत आढळत नाही. आणि येथेच शाळा-महाविद्यालयांचा संबंध येतो. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या पुरुष संघाने नेपाळला ५४-३६ आणि महिला संघाने ७८-४० असे हरविले. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. नऊ आक्रमकांच्या खेळात घडलेले. विश्वचषकाचा खेळ मात्र सात जणांचा, जलद पद्धतीचा होता. अनुभवी खेळाडू असे स्थित्यंतर पेलू शकतात. चौदा वर्षांच्या मुलीने मातीवर आठव्या चौकोनापर्यंतची साखळी आत्मसात करावी, की मॅटवरचा सूर आधी शिकावा, हा प्रश्न तिच्या शिक्षकापुढे आजच उभा आहे. क्रीडाप्रमाणपत्रावर राज्यसेवेतील पाच टक्के आरक्षणाचा लाभ अवलंबून असल्याने हा प्रश्न केवळ हौसेचाही नाही.

याचे उत्तर देण्यास लागणारी सामग्री गोळा करणे अवघड नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत प्रत्येक तुकडी किती वेळ टिकली, गडी खांबाजवळ बाद झाला की मध्यभागी, धावता स्पर्श होता की सूर, आणि तो कोणत्या पृष्ठभागावर, एवढ्या चार नोंदी गुणलेखकाच्या तक्त्यात वाढविल्या, तर एका हंगामात दोन्ही पद्धतींची तुलना करता येईल. गुणलेखकाचा तक्ता आजही बाद होण्याची वेळ आणि प्रकार नोंदवतोच. तो सामन्यानंतर कपाटात जातो. शारीरिक शिक्षण विभागाने नोंदी ठेवाव्यात, संख्याशास्त्र विभागाने त्या तपासाव्यात, आणि खांबामागची सव्वा मीटर जमीन गेल्याने नेमके काय घडले हे अंदाजाऐवजी आकड्यांनी सांगावे, एवढे काम कोणत्याही महाविद्यालयाच्या आवारात होण्याजोगे आहे.