मुष्टियोद्ध्याच्या ताटात कोणतं मांस?

जॅक लंडन या अमेरिकी लेखकाची ‘अ पीस ऑफ स्टेक’ ही कथा १९०९ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक टॉम किंग हा उतरती कळा लागलेला ऑस्ट्रेलियन मुष्टियोद्धा. खाटीक उधार देत नाही, म्हणून लढतीच्या दिवशी तो पिठाच्या पातळ कालवणाशी पाव खातो आणि पायपीट करत रिंगणाकडे जातो. विजय हातातोंडाशी येऊनही निसटतो आणि मांसाचा एक तुकडा पोटात असता तर, ही रुखरुख त्याला लागून राहते. कथा म्हणून ती अस्सल आहे. पण शरीरशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर किंगचं निदान अर्धंच बरोबर ठरतं. त्या संध्याकाळी मांस मिळालं असतं तरी त्याच्या ठोशाला फारशी धार चढली नसती. तो जेवढा लढला, त्यात पावातल्या पिष्टाचा वाटा मोठा होता. मांसाची गरज होती ती त्याआधीचे कित्येक महिने, रोजच्या सरावाच्या काळात. मांस हे मुष्टियोद्ध्याचं इंधन नव्हे, त्याच्या शरीराच्या डागडुजीचं साहित्य आहे. हे एकदा मान्य केलं, की कोणतं मांस, किती आणि केव्हा खायचं याची उत्तरं एकामागून एक सुटत जातात.

मांसाने अंगात बळ येतं ही समजूत जुनी आहे. ग्रीक खेळाडूंमध्ये मांसाहाराची पद्धत ड्रोमियस नावाच्या धावपटूने आणली, त्याआधी त्यांचा खुराक ताज्या चीजचा असे, अशी नोंद पॉसेनियस या प्राचीन प्रवासवर्णनकाराने केली आहे. एकोणिसाव्या शतकात या समजुतीला शास्त्राचं पाठबळ दिलं ते युस्टुस फॉन लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. स्नायू काम करताना स्वतःतलीच प्रथिनं जाळतात, असं त्याचं प्रतिपादन होतं. १८६५ मध्ये अडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनस या दोघांनी ते स्वतःवरच तपासून पाहिलं. आदल्या दुपारपासून प्रथिनं वर्ज्य करून, पिष्ट, चरबी आणि साखर एवढ्यावरच ते स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न हा डोंगर सुमारे दोन हजार मीटर चढून गेले. वाटेत लघवी साठवून तिच्यातला नायट्रोजन मोजला. त्यावरून शरीरात किती प्रथिनं जळली ते कळलं, आणि तेवढ्या प्रथिनांची ऊर्जा चढाईच्या कामाला पुरणारी नव्हतीच. लिबिगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मांसाच्या अर्काचीही तीच गत. उरुग्वेतल्या कारखान्यात बनणारा हा अर्क युरोपात शक्तिवर्धक म्हणून खपला, पण मांसातली बहुतेक प्रथिनं मागे चोथ्यातच राहत. आपल्याकडे अळणी रस्सा किंवा पायाचं सूप पाजून ताकद भरून काढण्याची कल्पना याच जातीची. असं सूप गरम, चविष्ट आणि घामावाटे गेलेलं मीठ-पाणी भरून देणारं असतं. पण त्यात उतरणारं जिलेटिन हे अपुरं प्रथिन आहे. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात नसतं. ताकद हवी असेल तर सुपातला तुकडा खायला हवा.

तो तुकडा केवढा असावा? व्यायाम करणाऱ्यांवरच्या ४९ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार स्नायूंच्या वाढीला होणारा प्रथिनांचा फायदा, शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅमच्या आसपास सपाट होतो. ६० किलोच्या मुष्टियोद्ध्यासाठी हा हिशेब ९६ ग्रॅमचा. दीडशे ग्रॅम शिजवलेल्या चिकनमधून पंचेचाळीसएक ग्रॅम प्रथिनं मिळतात. उरलेली प्रथिनं डाळ, दूध, अंडी आणि भाकरी मिळून सहज भरून काढतात. त्यापलीकडे दोन वेळ ताट भरून मटण खाल्लं, तर जास्तीची प्रथिनं स्नायूंत साठून राहत नाहीत. उलट त्यांच्यामुळे भात-भाकरी कमी खाल्ली गेली, तर स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा, म्हणजे खरं इंधन, आटतो.

मुष्टियुद्धात वजनकाटाही आहाराचा हिशेब मागतो. निखत झरीन २०२२ मध्ये ५२ किलो गटात जगज्जेती झाली आणि पुढच्या वर्षी ५० किलो गटात. दोन किलोंच्या अशा फरकात उतरणाऱ्या खेळाडूला प्रत्येक ग्रॅम प्रथिनाबरोबर किती कॅलरी येतात हे पाहावंच लागतं. कातडी काढलेल्या शिजवलेल्या चिकनच्या छातीत १०० ग्रॅममागे सुमारे ३१ ग्रॅम प्रथिनं आणि १६५ कॅलरी असतात, म्हणजे ग्रॅमला पाचएक कॅलरी. कातडीसकट मांडी घेतली की हाच भाव जवळजवळ दुप्पट होतो. लाल मांस म्हणजे चरबी, हा समज इथे थोडा सुधारायला हवा. बोकडाच्या चरबी काढलेल्या मटणाचा हिशेब छातीच्या चिकनइतकाच हलका बसतो. जड असतं ते मेंढीचं चरबीदार मटण, आणि त्याहून जड म्हणजे रश्श्यावर तरंगणारी तर्री. बोकड निर्दोष आहे, फोडणीचं तेल नव्हे.

पण केवळ प्रथिनांच्या भावाने निवड केली तर रोज छातीचं चिकनच जिंकेल, आणि तिथेच चूक होईल. ऑलिंपिक पद्धतीची लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती. त्या मिनिटात दम परत आणण्याचं काम रक्तातला ऑक्सिजन करतो आणि ऑक्सिजन वाहतं हिमोग्लोबिन. त्यासाठी लागणारं लोह छातीच्या चिकनमध्ये १०० ग्रॅमला जेमतेम १ मिलिग्रॅम, शिजवलेल्या बोकडाच्या मटणात साडेतीनच्या वर आणि कोंबडीच्या कलेजीत ९ च्या घरात असतं. भारतीय स्त्रियांसाठी २०२० ची शिफारस दिवसाला २९ मिलिग्रॅमची, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यामुळे मुलींच्या ताटात हा मुद्दा प्रथिनांइतकाच वरचा. मांसातलं हीम लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा चांगलं शोषलं जातं, शिवाय ते ताटातल्या पालेभाजीचं लोहही शोषायला मदत करतं. लिंबू पिळलं तर उत्तम. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातलं बरंचसं वाया. मात्र कलेजी रोज नको. तिच्या १०० ग्रॅममध्ये अ जीवनसत्त्वाची दिवसाची सुरक्षित मर्यादाच ओलांडली जाते. आठवड्यातून एकदा छोटी वाटी पुरे, आणि गरोदरपणात तीही टाळावी.

लाल मांसाने कर्करोग होतो, मग ते का सुचवायचं, हा आक्षेप रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं आणि ताजं लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. म्हणून पहिलं वगळावं आणि दुसरं मोजून खावं; आठवड्याला शिजवलेलं तीन-साडेतीनशे ग्रॅम सर्वसाधारण शिफारशीच्या आत बसतं आणि लोहाच्या कामालाही येतं. उरलेल्या दिवसांसाठी चिकन आहे, मासळी आहे. बांगडा आणि तारली यांतून प्रथिनांबरोबर ओमेगा-३ मेदाम्लं आणि ड जीवनसत्त्व मिळतं. दुसरा आक्षेप शाकाहाऱ्यांचा: मांसाशिवाय मुष्टियोद्धा घडत नाही का? घडतो. मांस साहित्य पुरवतं असं म्हटलं, की तेच साहित्य दुसऱ्या वखारीतूनही आणता येतं, हे ओघानेच आलं. दूध, सोयाबीन, कडधान्यं यांतून प्रथिनं भरतात. फक्त लोह आणि ब-१२ यांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

उरला प्रश्न वेळेचा. चरबीयुक्त मांस जठरात रेंगाळतं, म्हणून मटणाची जागा सरावानंतरच्या जेवणात. रिंगणात उतरण्याआधीच्या तीन-चार तासांत भात, पोळी, केळं हेच बरं. या साऱ्या हिशेबात महागड्या तुकड्याला खास मान कुठेच मिळत नाही. कलेजी आणि तारली या बाजारातल्या स्वस्त वस्तू आहेत. टॉम किंगने खाटकाकडे मागायला हवं होतं ते हेच, आणि तेही लढतीच्या दिवशी नव्हे, लढत ठरली त्या दिवसापासून.