दोन आकड्यांत मावणारी रेषा
उजळणी गणिताची : भाग 9

मागच्या आठवड्यात चार बिंदू दिले होते: (1, 3), (2, 5), (3, 8) आणि (4, 9). त्यांतले तीन एका रेषेत आहेत आणि एक उपरा आहे, तो शोधायचा होता. आलेख कागदावर मांडलं की (3, 8) हा एक घर वर बसलेला दिसतो. कागद न घेताही तो पकडता येतो. बाकी तिघांत y हा x च्या दुपटीहून 1 ने जास्त आहे. 3 ची दुप्पट 6, अधिक 1 म्हणजे 7 व्हायला हवे होते, आणि इथे आहेत 8.

म्हणजे y = 2x + 1 ही एक अट झाली. जो बिंदू ती पाळतो तो रेषेवर, जो मोडतो तो बाहेर. शाळेत आपल्याला समीकरण ‘सोडवायची’ सवय लागते: x ची किंमत काढली, खाली दोन रेघा मारल्या, संपलं. दोन चलांचं एकच समीकरण असं संपत नाही. अट पाळणाऱ्या जोड्या अगणित असतात, आणि त्या सगळ्या एकदम दाखवायच्या तर चित्रच काढावं लागतं. ते चित्र म्हणजे रेषा.

तक्ता की चढ?

इथे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये मराठी घरांत आठवीच्या गृहपाठावरून होणारा वाद बहुतेक वेळा याच जागी अडतो. आई किंवा बाबा बालभारतीच्या पुस्तकांवर वाढलेले. ते तीन ओळींचा तक्ता आखतात: वर x, मध्ये y, खाली (x, y). x च्या तीन सोप्या किमती घ्यायच्या, y काढायचे, बिंदू मांडायचे, पट्टी लावायची, आणि कोपऱ्यात ‘प्रमाण : दोन्ही अक्षांवर 1 सेमी = 1 एकक’ लिहायला विसरायचं नाही, नाहीतर गुण कापले जातात. मूल म्हणतं, “बाबा, टेबल कशाला? b वर डॉट ठेवायचा आणि m ने चढायचं.”

दोघांचं बरोबर आहे. फक्त क्रम उलटा आहे. महाराष्ट्रात नववीत निर्देशक भूमिती येते, रेषीय समीकरण ax + by + c = 0 अशा वेशात भेटतं, आणि ‘चढ’ दहावीच्या भूमितीत येतो. कॅलिफोर्नियाने 2010 साली ‘कॉमन कोअर’ अभ्यासक्रम स्वीकारला. त्यात चढ आठवीतच येतो, आणि y = mx + b हे रूप समरूप त्रिकोणांवरून तिथेच बांधून घेतलं जातं. इथलं मूल रेषेला दोनच प्रश्न विचारतं: कुठून निघालीस, आणि किती वेगाने चढतेस? पहिल्याचं उत्तर b, म्हणजे रेषा Y-अक्षाला जिथे छेदते ती जागा. दुसऱ्याचं उत्तर m, म्हणजे चढ.

हे दोन आकडे तक्त्यातही असतात, फक्त दिसत नाहीत. पुण्याहून आलेली आजी फोनवर 68 अंश बघून दचकते, ते तापमानाचं उदाहरण घेऊ. सेल्सिअस x मानलं आणि फॅरनहाइट y, तर समीकरण y = (9/5)x + 32. तक्ता असा होईल:

x : 0, 5, 10, 15, 20
y : 32, 41, 50, 59, 68

x पाचाने पुढे सरकला की y दर वेळी नवाने वाढतो. या दोन वाढींचा भागाकार 9/5, तोच चढ. x = 0 च्या खाली लिहिलेले 32, तोच b. तक्ता नीट आखणाऱ्या बाबांनी चढ आणि छेद दोन्ही लिहून ठेवले आहेत. मूल फक्त ते तक्ता न आखता वाचतं. आजीसाठी तोंडी हिशेबही याच तक्त्यात आहे. 68 मधून 32 वजा केले की 36 उरतात, म्हणजे नवाचे चार टप्पे, म्हणजे पाचाचे चार टप्पे. वीस अंश. शाल पुरेल.

तक्त्याची बाजू एका बाबतीत मात्र वरचढ आहे. रेषा काढायला दोन बिंदू पुरतात, तरी आपली पुस्तकं तीन मागतात. तिसरा बिंदू पडताळणीचा असतो. आकडेमोडीत कुठे चूक झाली असेल तर तीन बिंदू पट्टीखाली येतच नाहीत. m आणि b वरून झरझर रेषा ओढणाऱ्या मुलाकडे हा पहारेकरी नसतो. त्याने शेवटी एक बिंदू निवडून समीकरणात घालून बघावा.

चढाला एकक असतं

चढ म्हणजे नुसता तिरकेपणा नव्हे. डेस्मॉस हे आलेखाचं साधन इथे शाळेत सर्रास वापरतात. त्यात अक्षांचं प्रमाण ताणलं की तीच रेषा क्षणात उभी होते, क्षणात आडवी पडते. चढ मात्र तसाच राहतो. कोपऱ्यातली ‘प्रमाण’ची ओळ म्हणूनच नुसत्या गुणांसाठी नसते. डोळ्यांना दिसणारा उतार फसवू शकतो. खरा चढ म्हणजे x एकाने वाढला तर y किती बदलतो, आणि त्या ‘किती’ला एकक लागतं: एका अंशामागे 1.8 अंश, तासाला इतके मैल, वर्षाला इतके मिलिमीटर.

वर्षाला मिलिमीटर हा चढ फ्रीमाँटमध्ये रस्त्यावर बघायला मिळतो. हेवर्ड भ्रंश या शहरातून जातो. लेक एलिझाबेथ ज्या सेंट्रल पार्कमध्ये आहे, तिथूनही. भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींना घासत सरकत असतात. एका बाजूला उभं राहून पाहिलं तर पलीकडची बाजू उजवीकडे जाते. भूकंप नसतानाही ही सरक चालू असते, आणि भ्रंशावरून गेलेली फुटपाथची काँक्रीटची कड हळूहळू वाकते. भ्रंशाच्या बऱ्याच लांबीवर हा वेग वर्षाला सुमारे 5 मिलिमीटर मोजला गेला. फ्रीमाँटच्या दक्षिण टोकाकडे तो सुमारे 9 मिलिमीटर होता.

आता आलेख काढा. x म्हणजे कड बांधून झालेली वर्षं, y म्हणजे ती किती मिलिमीटर वाकली. पहिल्या भागासाठी y = 5x, दुसऱ्यासाठी y = 9x. दोन्ही रेषा आरंभबिंदूतून निघतात, कारण बांधली त्या दिवशी कड सरळ होती. पहिल्या भागात एखादी कड 120 मिलिमीटर वाकलेली सापडली, तर Y-अक्षावर 120 पासून आडवं जाऊन रेषेला भिडा, तिथून खाली उतरा: 24 वर्षं. भूशास्त्रज्ञ हाच प्रश्न उलटा घालतात. कड कधी बांधली हे नोंदींवरून माहीत असतं, बाक मोजता येतो, आणि भागाकारातून चढ मिळतो. रस्त्याच्या कडा आणि जुनी कुंपणं अशी मोजमापाची साधनं झाली आहेत.

आता x म्हणजे चालू सन घ्या. कड 1975 ची असेल तर y = 5(x – 1975), म्हणजे y = 5x – 9875. चढ तोच राहिला, पण b एकदम उणे 9875 झाला. शून्याव्या वर्षी ही कड पावणेदहा मीटरहून अधिक उलट्या बाजूला वाकली होती का? अर्थात नाही, तेव्हा कडच नव्हती. b हा आकडा मोजायला कुठून सुरुवात केली एवढंच सांगतो. मुलाच्या वहीत b चा अर्थ विचित्र येत असेल तर समीकरण चुकलंच असेल असं नाही. आधी x चं शून्य कुठे ठेवलं आहे ते बघावं.

रेषा कुठवर वाढवायची?

कागदावर रेषेच्या दोन्ही टोकांना बाण असतात, जमिनीला नसतात. 17 ऑक्टोबर 1989 रोजी लोमा प्रिएटाचा 6.9 तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचं केंद्र दक्षिणेला सांताक्रूझच्या डोंगरांत होतं, पण त्याने आसपासच्या भ्रंशांवरचा ताण बदलला. हेवर्ड भ्रंशाच्या दक्षिण टोकाची सरक जवळजवळ थांबली. आलेखात 9 चा चढ सपाट झाला, म्हणजे शून्य. मग फेब्रुवारी 1996 मध्ये ते टोक एकदम सुमारे 2 सेंटिमीटर सरकलं.

जुनी रेषा तशीच वाढवून पाहू. सव्वासहा वर्षांहून थोडा अधिक काळ, गुणिले 9, म्हणजे जवळपास 57 मिलिमीटर. प्रत्यक्षात हाती आले सुमारे 20. पट्टी चुकली नव्हती, गुणाकारही नाही. भ्रंशाने अट बदलली होती. रेषीय समीकरण ‘वेग कायम आहे’ या गृहीतावर उभं असतं, आणि ते गृहीत कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत तपासलं आहे, हे आलेखाशेजारी लिहायला हवं.

तरीही या साध्या रेषांतून एक मोठी गोष्ट कळते. खोलवर, लांबच्या काळाचा हिशेब धरला तर या भ्रंशाच्या दोन बाजू वर्षाला सुमारे 9 मिलिमीटर सरकायला हव्यात. पृष्ठभागाजवळ बऱ्याच ठिकाणी सरकतात 5. एकाच कागदावर y = 9x आणि y = 5x काढल्या तर दोघींमधलं उभं अंतर स्वतःच एक रेषा असते: y = 4x. ही थकबाकी आहे, आणि तिचाही चढ ठरलेला आहे. या भ्रंशावरचा शेवटचा मोठा भूकंप 21 ऑक्टोबर 1868 चा, तीव्रता सुमारे 6.8. त्यात मिशन सॅन होजेचं कच्च्या विटांचं चर्च पडलं. ते ठिकाण आज फ्रीमाँटमध्ये येतं. 2028 साली त्याला 160 वर्षं होतील. 4 गुणिले 160, म्हणजे 640 मिलिमीटर, दोन फुटांहून जास्त. हिशेब ढोबळ आहे. भ्रंशाचे जे भाग मुळीच सरकत नाहीत, तिथे थकबाकी 9 च्या चढाने वाढते. ती केव्हा वसूल होईल हे रेषा सांगत नाही, किती साचली आहे एवढंच सांगते. इथल्या घरांत पाण्याचे कॅन भरून का ठेवायचे, कपाटं भिंतीला का ठोकायची, याचं उत्तर मात्र त्या 4 मध्ये आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

1. वर्षाला 5 मिलिमीटर सरकणाऱ्या भागात 1960 साली एक कड बांधली. 1980 साली पालिकेने ती उखडून नवी, सरळ कड घातली. 1960 ते 2000 या काळात तिचा बाक दाखवणारा आलेख काढा. दोन तुकडे येतील. दोघांचे चढ आणि समीकरणं लिहा; 1960 ला x = 0 धरा.

2. तापमानाच्या आलेखावरच y = x ही रेषा काढा. सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्ही मापकांवर एकच आकडा कधी दिसेल? कागद डावीकडे आणि खाली भरपूर मोकळा ठेवा, तिसरा चरण लागेल.

दुसऱ्या प्रश्नात दोन रेषा एकमेकींना भेटतात. अशा भेटीची जागा कागद न घेता कशी काढायची, म्हणजेच एकसामयिक समीकरणं, हा पुढच्या आठवड्याचा विषय.