आरसा ऊर्जा वाढवत नाही

अहिल्यानगर जिल्ह्यातील शिर्डीच्या साई प्रसादालयात २००९ साली ७३ अंतर्गोल परावर्तक कामाला लागले. उन्हाने पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर भाविकांसाठी अन्न शिजवायचे, अशी ही योजना. मग आरशाने ऊर्जा वाढते का? मुळीच नाही. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट एवढेच ऊन पडते. आरसा ते लहानशा जागी गोळा करतो, म्हणून तापमान चढते. त्यातले काही आरशावरची धूळ अडवते, काही उष्णता नळ्यांमधून हवेत जाते. भांड्यापर्यंत पोचणारा वाटा म्हणजे कार्यक्षमता. ढगाळ दिवशी प्रकाश चहूबाजूंनी विखरून येतो; तो आरशाला एका जागी आणता येत नाही. तेव्हा दुसरे इंधन जाळावेच लागते. म्हणून ऊन असेल त्या दिवशी आरसा स्वच्छ असणे, हीच इंधनाची खरी बचत.