शर्टाचा रंग

पुकारा व्हायचा होता. कोर्टाच्या आवारातल्या पारावर आम्ही बसलो होतो. तिनं डब्यातली पोळी तशीच ठेवली आणि हळूच विचारलं, "ताई, मी शर्टाचा रंग कोणता सांगितला होता?"

मला माहीत होता, पण सांगता येत नव्हता. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, खटल्यात बाल कल्याण समिती मुलासोबत एक सहायक व्यक्ती देते. बोलताना सगळे 'सपोर्ट पर्सन'च म्हणतात. ते माझं काम. तारीख कळवायची, सोबत जायचं, आत काय घडेल ते समजावायचं. काय बोलायचं ते मात्र कधीही शिकवायचं नाही. पढवलेलं एक वाक्य उलटतपासात उघडं पडलं, की तिच्या खऱ्या बोलण्यावरही शंका येते.

जबाब दिला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत घरी आल्या होत्या. कायद्यातच तसं आहे. मग मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब, वैद्यकीय तपासणी, दोषारोपपत्र. 2012 चा पोक्सो कायदा सांगतो, विशेष न्यायालयानं दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष व्हावी, शक्यतो वर्षात खटला संपावा. साक्षीच्या दिवशी ती अकरा वर्षांची होती. एकदा न्यायाधीशांची बदली झाली, एकदा आरोपीचे वकील आले नाहीत, एकदा आरोपीलाच तुरुंगातून आणलं नाही. दर तारखेला तिची शाळा बुडाली, आईची मजुरी बुडाली. आदल्या रात्री सगळं आठवायचं आणि न बोलताच घरी परतायचं.

आत गेल्यावर दार बंद झालं. मध्ये पडदा होता; आरोपीला ऐकू येत होतं, तिला तो दिसत नव्हता. न्यायाधीश मॅडमनी आधी शाळेचं विचारलं, मग खरं-खोटं कळतं का ते. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ उमगत नसेल, तर शपथेविनाही साक्ष घेता येते.

उलटतपासात वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत. ते न्यायाधीशांना सांगतात, न्यायाधीश विचारतात. वकिलांचा प्रश्न लांबलचक होता: शेजाऱ्यांशी पाण्यावरून भांडण होतं, म्हणून आईनं हे बोलायला लावलं. मॅडमनी त्याचे तुकडे केले.

"भांडण झालं होतं का?"

"हो."

"कशावरून?"

"नळावरून."

"हे बोलायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

आणि मग शर्ट. ती बराच वेळ गप्प राहिली. "आठवत नाही." टंकलेखकानं तेवढंच टिपलं.

मुलाची साक्ष विश्वासार्ह वाटली तर केवळ तिच्या आधारावरही शिक्षा होऊ शकते, आणि बारीक विसंगतीनं ती कोसळत नाही, हे वरच्या न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. उलटतपास हा आरोपीचा हक्कच आहे. त्या प्रश्नाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याचं उत्तर दोन वर्षांपूर्वी तिच्याजवळ होतं. ते आम्ही सगळ्यांनी मिळून तारखांमध्ये घालवलं.

पुढची तारीख डॉक्टरांच्या साक्षीची. तिला यायचं नाही, हे मी बसस्टँडवर तिला दोनदा सांगितलं.

"नक्की ना, ताई?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.